फळीवरच्या दोघी आणि चार किलोचे आम्ही

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी डंबेल आहे. वजन चार किलो. खरे तर मी एकट्याने बोलू नये, कारण माझा जन्म जोडीने झाला. माझा जुळा भाऊ इथेच माझ्या शेजारी असतो, पण तो अबोल आहे. ओतताना त्याच्या पोटात हवेचा एक बुडबुडा राहून गेला, त्यामुळे तो माझ्याहून मूठभर तांदळाइतका हलका भरतो. एवढासा फरक कुणाच्या लक्षात येईल, असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पुढे याच मूठभर फरकावरून दोन म्हाताऱ्या रोज सकाळी हमरीतुमरीवर येणार होत्या, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

आमचा जन्म बुसान शहरातल्या यंगदो बेटावरचा. तिथे बंदराच्या काठाने जहाजदुरुस्तीच्या गोद्या आहेत आणि त्यांच्या मागच्या गल्लीत क्वोन मिस्त्रीची ओतशाळा होती. मिस्त्रीचा मेव्हणा कुस्तीगीर. त्याच्यासाठी मिस्त्रीने एका मासेमारी बोटीच्या फुटक्या इंजिनाचे बिडाचे लोखंड वितळवले, वाळूच्या साच्यात ओतले आणि आम्हाला कानशीने घासून गुळगुळीत केले. मेव्हण्याने आम्हाला दोन वर्षे मनापासून फिरवले. मोठे सुखाचे दिवस होते ते! नंतर त्याचे लग्न झाले, तो बोटीवर नोकरीला लागला आणि आम्ही ओतशाळेतच राहिलो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मिस्त्रीने आम्हाला दाराला टेकवून ठेवले.

त्या दाराशी आम्ही वीस वर्षे बसून होतो. समुद्राची खारी हवा लोखंडाचा घास कसा घेते, ते तिथे कळले. आधी तांबूस डाग पडले, मग पापुद्रे सुटले, मग माझी मूठ कुठे आणि गोळा कुठे तेही कळेनासे झाले. ओतशाळा बंद पडली तेव्हा सामान आवरणाऱ्यांनी आम्हाला भंगाराच्या ढिगावर टाकले. नेमके तेव्हा तिथून प्यो मास्तर चालले होते.

प्यो मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक. उंच, हाडकुळे, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी आम्हाला मागून घेतले, दोन हातांत दोघांना धरले आणि टेकडी चढायला लागले. वाटेत अकरा वेळा थांबले. प्रत्येक वेळी आम्हाला खाली ठेवून म्हणायचे, "चार किलो? कोण म्हणेल!"

टेकडीवर पाइनच्या झाडांमध्ये पाण्याचा झरा आहे, आणि झऱ्यापाशी उघड्यावरची व्यायामशाळा. लोखंडी दांडे, दोन बाक, एका झाडाला खिळ्याने ठोकलेला आरसा, खांबावर एक घड्याळ. वस्तीतली म्हातारी माणसे उजाडता उजाडता तिथे येतात, व्यायाम करतात, झऱ्याचे पाणी कॅनमध्ये भरून घरी नेतात. खाली समुद्रात नांगरलेली जहाजे दिसतात. आम्हाला वाटले, सुटलो! पण कसले काय. पुरुषमंडळींना मोठाली वजने हवी असायची आणि बायकांना आमचा गंज हाताला लागायचा. आम्ही बाकाखाली पडून राहिलो ते राहिलोच.

आणि मग एका एप्रिलमध्ये काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत पिल्नामआजी वर आली.

पिल्नामआजी चौऱ्याहत्तर वर्षांची. बुटकी, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ. फेब्रुवारीत ती न्हाणीघरात घसरून पडली होती. हाड एकही मोडले नव्हते. पण तिला फरशीवरून उठताच येईना. न्याहारीच्या वेळी पडली ती दुपार टळेपर्यंत तशीच. दुसऱ्या खोलीत फोन वाजत होता, तो तिच्या मुलीचा आहे हे तिला कळत होते, आणि ती फरशीवर पडून छताकडे बघत होती. शेवटी शेजारीण भाजी द्यायला आली तेव्हा सुटका झाली. मुलगी मिरान लांब देजॉनला कचेरीत नोकरी करते. तिने फोनवर सांगून टाकले, "आई, आता बास. छुसॉकच्या सणाला मी येणार आणि तुला घेऊनच जाणार."

"चौदाव्या मजल्यावर राहते ती," पिल्नामआजी मास्तरांना सांगत होती. "खिडकीतून बघावं तर माणसं मुंग्यांएवढी. मुंग्यांशी गप्पा मारू का मी? माझ्या घराला शहाण्णव पायऱ्या आहेत, पण वर गेलं की समुद्र आहे, शेजारीण आहे. मास्तर, मला पुन्हा धडधाकट करा. सणाला पाच महिने आहेत."

मास्तर म्हणाले, "धडधाकट वगैरे सोडा. तुम्हाला तीन गोष्टी यायला हव्यात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पाण्याचा कॅन घेऊन पायऱ्या चढणं आणि जमिनीवरून आपलं आपण उभं राहणं. बाकी दंड फुगवायचं काम ते लोक बघतील." त्यांनी दांड्याला लटकलेल्या पुरुषांकडे हनुवटीने खूण केली. "मात्र हे एकट्याने जमत नाही. जोडीदार लागतो."

"माझा नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली."

"मी नवरा म्हणालो का? जोडीदार म्हणालो."

झऱ्यापाशी एक उंच, बारीक बाई पाठमोरी पाणी भरत होती. मास्तरांनी हाक मारली, "बोंगनिमबाई! तुम्हालाही जोडी नाहीये ना?"

बाई वळली. पिल्नामआजीने तिला पाहिले आणि काठी आपटली. "ही? हिच्याबरोबर? त्यापेक्षा मी न्हाणीघरात पडून राहीन!"

बोंगनिमआजीने कॅनचे झाकण लावले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, या दोघींची हकिकत मला तेव्हा माहीत नव्हती. पुढे तुकड्या-तुकड्यांनी कानावर आली. तरुणपणी दोघी गोदीत जहाजांचा गंज काढायच्या. जहाज कोरड्या गोदीत घेतले की त्याच्या अंगावरून दोरांनी एक फळी सोडायची, फळीवर दोघींनी शेजारी शेजारी बसायचे आणि हातोडीने गंज ठोकून काढायचा. कांग कांग कांग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. या दोघी सहा वर्षे एका फळीवर बसल्या. पिल्नाम दोन वर्षांनी लहान, ती बोंगनिमला ताई म्हणायची. एकीचा डबा दोघींचा असायचा. नियम एकच होता. एकीला उतरायचे असेल तर तिने आधी आवाज द्यायचा, म्हणजे दुसरी दोर घट्ट धरील. कारण एकीचा भार उतरला की फळी झोका खाते. एके दिवशी बोंगनिम उतरली, फळीने झोका खाल्ला आणि पिल्नाम दोन पुरुष उंचीवरून खाली पडली. गळ्याजवळचे हाड मोडले, घोटा मोडला. मुकादमाने विचारले तेव्हा बोंगनिमने सगळ्यांसमोर सांगितले, "माझी चूक. मी आवाज दिला नाही."

त्या दिवसापासून पिल्नाम तिच्याशी बोलली नव्हती. या गोष्टीला अडतीस वर्षे झाली होती. राहायला दोघी एकाच टेकडीवर, फक्त गल्ल्या वेगळ्या.

तर त्या पहिल्या दिवशी पिल्नामआजी फणफणत बाकावर बसली आणि तिचा पाय मला लागला. तिने वाकून पाहिले.

"मास्तर, हे काय आहे? डंबेल की गंजाचा गोळा? लाज नाही वाटत लोखंड असं ठेवायला?"

दुसऱ्या दिवशी ती आली ती पिशवीत हातोडी घेऊन. आणि गंमत बघा, बोंगनिमआजीसुद्धा हातोडी घेऊन आली! तिनेही जाता जाता आम्हाला पाहिले होते, आणि आयुष्यभर गंज काढलेल्या माणसाला तो पाहून झोप येत नसावी. दोघी बाकाच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून बसल्या. एकीने मला मांडीवर घेतले, दुसरीने माझ्या भावाला. कांग, कांग. सुरुवातीला दोघींचे ठोके वेगवेगळे पडत होते. थोड्या वेळात ते आपोआप जुळले. दोघींच्याही ते ध्यानात आले असावे, कारण पिल्नामआजीने मुद्दाम एक ठोका उशिरा मारला. पण हात ऐकेना, पुन्हा जुळलाच.

मला मात्र काय वाटत होते म्हणून सांगू! वीस वर्षांचे ओझे पापुद्र्या-पापुद्र्याने गळत होते. नंतर त्यांनी आम्हाला तारेच्या ब्रशने घासले आणि तेल लावले. मास्तर लांबून सगळे बघत होते. ते पुढे आले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

"घासलंत ना, आता उचलायचं. समोरासमोर उभ्या राहा."

दोघींनाही पटकन नकार सुचला नाही आणि अशी आमची कवायत सुरू झाली.

पहिला प्रकार सोपा. एकीने आम्हा दोघांपैकी एकाला छातीशी धरून बाकावर बसायचे, हात न टेकता उठायचे, दोन पावले पुढे जाऊन त्याला दुसरीच्या हातात द्यायचे. मग दुसरीने बसायचे, उठायचे, परत द्यायचे. दोघी एकमेकींशी बोलत नसल्यामुळे सगळा कारभार मास्तरांमार्फत चालायचा.

"मास्तर, हिला सांगा, हात जरा पुढे कर. मी काय अंगणात फेकू?"

"मास्तर, तिला सांगा, आधी नीट उठ. बदकासारखी काय उठतेस!"

"मास्तर, बदक कोण आहे ते तिला त्या आरशात बघायला सांगा!"

मास्तर शांतपणे आकडे मोजायचे. त्यांच्यापुरता प्रश्न एकच होता, तो म्हणजे माझा हलका भाऊ. दोघींच्या हातांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले की दोघांत एक हलका आहे. जिला मी मिळायचो ती म्हणायची, "रोज रोज जड तो मलाच?" मास्तरांना आमच्यातला फरक शेवटपर्यंत कळला नाही. त्यांना वाटायचे, या उगीच भांडतात.

पण मे महिन्याच्या अखेरीला पिल्नामआजी बाकावरून हात न टेकता पंधरा वेळा उठू लागली. काठी घरी राहिली. दुसरा प्रकार सुरू झाला. दोघींनी शेजारी शेजारी चालायचे, बाहेरच्या हातात आम्ही आणि आतले हात एकमेकींत अडकवलेले, म्हणजे तोल जाणार नाही. हात हातात द्यायला दोघींनी तीन दिवस घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी मधे एक टॉवेल धरला, दोन टोकांना दोघी. मास्तरांनी तेवढे चालवून घेतले. चौथ्या दिवशी टॉवेल विसरला होता, की कुणी मुद्दाम विसरली होती, कोण जाणे.

जूनमध्ये तिसरा प्रकार आला. दोघींनी पाठीला पाठ लावून उभे राहायचे. एकीने कमरेतून वळून मला बाजूने मागे द्यायचे, दुसरीने वळून घ्यायचे. समोरची दिसत नाही, म्हणून देणारीने "सोडते" म्हणायचे, घेणारीने "हं" म्हणायचे आणि मगच सोडायचे.

पहिल्या दिवशी बारा वेळा देऊन-घेऊन झाले होते. दोघींना दम लागला होता. तेराव्या वेळी बोंगनिमआजीने बाजू बदलून मला पिल्नामआजीच्या डाव्या बाजूने पुढे केले. म्हणाली, "सोडते!" पिल्नामआजी धापा टाकत होती, हं, हं, हं. बोंगनिमआजीने हात काढला.

माझ्याभोवती कुणाचीच बोटे नव्हती. मी धाडकन खाली आलो. पिल्नामआजीच्या बुटापासून चार बोटांवर फरशीचा टवका उडाला.

मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही, पण तेव्हा मला फुटला असता.

"अडतीस वर्षांनी पुन्हा तेच!" पिल्नामआजी गरकन वळली. "तेव्हाही आवाज न देता उतरलीस, आजही आवाज न देता सोडलंस! मला मारूनच थांबणार आहेस का?"

बोंगनिमआजी मला उचलायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

"पिल्नामबाई," मास्तर म्हणाले, "आवाज तिने दिला. मी झऱ्यापाशी होतो, मला तिथे ऐकू आला."

"काहीतरीच!"

"आम्हीसुद्धा ऐकला," दांड्यावरचा एक जण म्हणाला.

पिल्नामआजी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. मास्तर हळूच तिच्या डाव्या बाजूला गेले, जरा मागे उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पिल्नामबाई, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

ती हलली नाही. मास्तर उजव्या बाजूला आले आणि तेच वाक्य तेवढ्याच आवाजात म्हणाले.

"माझ्या बुटांना नाडीच नाहीये," पिल्नामआजी चिडून म्हणाली. मग तिने सगळ्यांचे चेहरे पाहिले. तिचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला. ती बाकावर बसली.

मग अडतीस वर्षांत पहिल्यांदा ती मास्तरांना मधे न घालता बोलली.

"त्या दिवशी तू ओरडली होतीस?"

बोंगनिमआजी मला टॉवेलने पुसत होती. "दोनदा."

"मग मुकादमाला तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? हिला ऐकू येत नाही, असं? त्याच महिन्यात त्याने दुसऱ्या दोन बायकांना हातोडीच्या आवाजाने कान गेले म्हणून घरी बसवलं होतं. तुझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मिरान नऊ वर्षांची. काय खाल्लं असतं तुम्ही दोघींनी?"

"मला तरी सांगायचंस!"

"तुला? तू दुसऱ्याच दिवशी मुकादमाशी भांडायला गेली असतीस, माझे कान ठणठणीत आहेत म्हणून. तुझ्या तोंडाला कधी कुलूप होतं?" बोंगनिमआजीने टॉवेलची घडी घातली. "आणि माझीही चूक होतीच की. हातोडी मारताना तू हं, हं करायचीस. मला वाटलं, मला उत्तर दिलंस. वळून बघायला पाहिजे होतं. नाही बघितलं."

"पण मी त्यानंतर आणखी अकरा वर्षं फळीवर बसले," पिल्नामआजी म्हणाली. "न ऐकू येता! कशी नाही पडले मी पुन्हा?"

बोंगनिमआजी उठून झऱ्याकडे निघाली. पिल्नामआजीने तिचा हात धरून ठेवला.

"सांग ना."

"तुझ्या फळीवर जी कुणी बसायची तिला मी आधी सांगून ठेवायचे. म्हटलं, उतरण्याआधी हिच्या पाठीवर थाप मारत जा. काही विचारू नको, थाप मार."

पिल्नामआजीचे तोंड उघडेच राहिले.

"अगं बाई! मला वाटायचं... मला वाटायचं, सगळ्या बायकांची माझ्यावर माया आहे!"

दांड्यावरचा एक जण फिस्सकन हसला आणि मग हसू आवरेना. बोंगनिमआजी हसली, मास्तर हसले, आणि पिल्नामआजी हसता हसता रडू लागली, की रडता रडता हसू लागली, ते मला नक्की सांगता येणार नाही. नाक पुसून ती म्हणाली, "मी हॉस्पिटलातून आले तेव्हा तू शिंपल्यांचं सूप पाठवलं होतंस. मी पातेलं भरलेलं तसंच परत पाठवलं."

"माहितेय. मीच प्यायले. खारट झालं होतं."

"ताई," पिल्नामआजी म्हणाली.

एवढेच म्हणाली. बोंगनिमआजीने घाईघाईने कॉफीच्या पुड्या काढल्या, कागदी पेल्यांत थर्मासमधले गरम पाणी ओतले आणि उगाचच खूप वेळ ढवळत बसली.

दुसऱ्या दिवसापासून पाठीला पाठ लावली की "सोडते" म्हणण्याऐवजी टाचेने टाचेला हलकेच ठोकायचे, असे ठरले. त्यानंतर आम्ही एकदाही पडलो नाही. आणि बोलणे? अडतीस वर्षांचे तुंबलेले बोलणे होते ते! व्यायाम अर्धा तास आणि गप्पा दीड तास. मास्तर शिट्टी फुंकून फुंकून दमायचे. जुलैत दोघी पाण्याचे कॅन घेऊन पायऱ्या चढू लागल्या. ऑगस्टमध्ये शेवटचा आणि सगळ्यात अवघड धडा आला, जमिनीवरून उठणे. चटईवर उताणे पडायचे, मला एका हातात धरायचे, कुशीवर वळायचे, कोपर, मग हात, मग एक गुडघा, मग पाऊल आणि उभे. जोडीदारणीने समोर उभे राहून फक्त बघायचे. उचलायचे नाही. पिल्नामआजी गुडघ्यापर्यंत यायची आणि धपकन बसायची. एके सकाळी सात वेळा बसली. चटईवर पडून तिने छताकडे बघावे तसे आभाळाकडे पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. न्हाणीघर आठवले असणार. बोंगनिमआजी तिच्या शेजारी चटईवर आडवी झाली.

"काय करतेस, ताई?"

"तुझ्याबरोबर पडते. आता दोघींना उठायचंय. मी पहिली उठले तर दिवसभर चिडवीन."

पिल्नामआजी त्या आठव्या वेळी उठली. माझ्यावरची तिची पकड अशी होती की मी पिळून निघालो. टेकडीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बोंगनिमआजी चटईवरून ओरडली, "आता मला कोण उठवणार?"

छुसॉकच्या सणाला मिरान आली. सत्तेचाळीस वर्षांची, डोळ्यांखाली काळी वर्तुळे, हातात फोन. तिने येतानाच सामान भरायला खोकी आणली होती. सणाच्या दुसऱ्या दिवशी आई तिला टेकडीवर घेऊन आली. आई पुढे, हातात रिकामा कॅन. लेक मागे, कमरेवर हात, चेहरा लाल.

"आई... जरा... हळू!"

वर येताच पिल्नामआजीने चटई टाकली. मला हातात घेतले, उताणी पडली आणि कोपर, हात, गुडघा, पाऊल करत उभी राहिली. मिरानच्या डोळ्यांत पाणी आले. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी वाजत राहिलेला फोन तिचाच होता ना. तिने टाळ्या वाजवल्या, पण लगेच डोळे पुसून म्हणाली, "छान आहे, आई. पण आज जमलं म्हणजे रोज जमेल असं नाही. तू माझ्याजवळ असलीस तर मी तरी असेन उचलायला."

"मिरानबाई," मास्तर म्हणाले, "एकदा तुम्ही करून बघा. डंबेल नको, नुसतंच."

"मी? त्यात काय आहे!"

ती चटईवर आडवी झाली. कुशीवर वळली, कोपर टेकले, गुडघा आला आणि ती बाजूला कलंडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा कलंडली. तिसऱ्या वेळी तर गुडघ्यापर्यंतही येईना. वर्षानुवर्षे खुर्चीत बसून तिचे पाय कधी रुसून बसले ते तिला कळलेच नव्हते. दांड्यांवरचे लोक व्यायाम थांबवून बघू लागले. मिरान उताणी पडली आणि एकाएकी खदखदून हसू लागली.

"आई, मी तुला घेऊन जायला आले होते."

"मग ने ना," पिल्नामआजी तिच्यावर वाकून म्हणाली. "आधी ऊठ तरी."

असा हशा त्या टेकडीवर मी कधी ऐकला नव्हता. प्यो मास्तरांना शिट्टी काढून ठेवावी लागली, हसताना तोंडात गेली असती म्हणून.

मिरानने आधाराला आईचा हात मागितला. आईने दिला नाही. बोंगनिमआजी म्हणाली, "ओढायचं नाही तिला. पाऊल नीट रोव गं, मुली. घाई करू नको. आम्ही दोघी आहोत समोर." चौथ्या वेळी मिरान उभी राहिली. घामाने निथळत, केसांत पाइनच्या काड्या अडकलेल्या, आणि शाळेतल्या पोरीसारखी खूश.

खोकी रिकामीच परत गेली. पण लेकही आईचीच होती, तिने एक अट घातली. कानाचे यंत्र घ्यायचे. पिल्नामआजीने तोंड वाकडे करून का होईना, घेतले. यंत्र लावून पहिल्यांदा टेकडीवर आली तेव्हा बोंगनिमआजी नेहमीसारखी म्हणाली, "आलीस का गं?" तशी पिल्नामआजी दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "अगं ताई, केवढ्याने ओरडतेस! सगळं बंदर गोळा होईल!"

मिरान आता महिन्यातून एका रविवारी येते. देजॉनला तिने कचेरीतल्या एका मैत्रिणीला जोडीदारीण केले आहे. जेवणाच्या सुट्टीत दोघी खुर्चीवरून ऊठबस करतात आणि इतर लोक त्यांना हसतात. हसू देत. आम्हालाही वीस वर्षे कुणी विचारले नव्हते.

मित्रांनो, माझे सांगणे थोडे आहे. लोखंडावर गंज चढतो तो निदान डोळ्यांना दिसतो. घरातले माणूस बसून बसून दुबळे होत जाते, ते मात्र कुणाला दिसत नाही, कधी कधी त्याचे त्यालाही नाही. म्हणून उद्या सकाळी तुमच्या घरातल्या कुणा मोठ्या माणसासमोर जाऊन उभे राहा. आजी असो, आजोबा असोत, दिवसभर खुर्चीत बसणारे आईबाबा असोत. माझ्यासारखा डंबेल नसेल तर पाण्याची भरलेली बाटली घ्या आणि म्हणा, चला, आपण दोघे मिळून दहा वेळा उठू आणि बसू. पहिल्या दिवशी ते नाही म्हणतील. दुसऱ्या दिवशी गुडघे दुखतात म्हणतील. तुम्ही तिसऱ्या दिवशीही जा. ते तुमच्या आधी उठून, बूट घालून, तुमची वाट बघत बसलेले असतील.